दरडोई दारू आणि हृदयविकाराचे मृत्यू: देशादेशांची तुलना कशी करावी?

(आलेखवही, ताळेबंद, निदानपत्र, उरलकाठ आणि जनुकवेध ही या चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

आलेखवही:

समाजस्वास्थ्याच्या प्रकल्पासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीसाठ्यातून दोन रकाने घेतले आहेत. एकात १५ वर्षांवरील माणशी वर्षाला किती लिटर शुद्ध अल्कोहोल जाते ते, दुसऱ्यात इस्केमिक (हृदयाचा रक्तपुरवठा अडल्याने होणाऱ्या) हृदयविकाराचा वयप्रमाणित मृत्युदर, म्हणजे देशादेशांतला वयोमानाचा फरक काढून टाकलेला (लाखामागे). एक देश म्हणजे एक ठिपका.

सगळे देश एकत्र मांडले की ठिपके नुसते विखुरतात, रेषेला उतार असा नाहीच. फक्त श्रीमंत देश ठेवले की रेषा खाली उतरते, कारण फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल हे भरपूर वाइन पिणारे देश आणि तिथे हृदयमृत्यू कमी. पूर्व युरोप आणि रशिया आत घेतले की तीच रेषा वर चढू लागते.

तीन प्रश्न आहेत. यातला खरा उतार कोणता मानायचा? हातभट्टी, घरगुती आणि चोरटी दारू दरडोई आकड्यात कशी धरायची? आणि हेच महाराष्ट्रात जिल्हावार करता येईल का? गडचिरोली, वर्धा हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, त्यांची शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना करावी असा विचार आहे.

ताळेबंद:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: यातला कुठलाच उतार "दारूचा हृदयावर परिणाम" म्हणून वाचता येत नाही. ही मांडणी जुनीच आहे. १९७९ मध्ये सेंट लेजर, कॉक्रन आणि मूर यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १८ विकसित देशांचे ५५ ते ६४ वयाचे मृत्यू असेच मांडले आणि वाइन जास्त तिथे हृदयमृत्यू कमी असं ठळक नातं त्यांना दिसलं. पुढे १९९२ मध्ये रेनो आणि द लोर्जेरील यांच्या लेखानंतर "फ्रेंच विरोधाभास" (चरबी भरपूर खाऊनही हृदयमृत्यू कमी) हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. त्या रेषेत कुठे कुठे पाणी मुरतं ते बघा.

सरासरी हा पहिला घोटाळा. हिशेब करून पाहा. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोलची घनता ०.७८९, म्हणून साधारण ६१ ग्रॅम. शंभर प्रौढांच्या गावात ८० जण अजिबात पीत नाहीत आणि २० जण रोज एक क्वार्टर पितात, तर माणशी दिवसाला १५.४ मिली, म्हणजे वर्षाला ५.६ लिटर. दुसऱ्या गावात शंभरही जण रोज जेवताना एक लहान ग्लास वाइन, म्हणजे १२ टक्क्यांची सुमारे १३० मिली घेतात. त्यांचीही सरासरी तेवढीच, ५.७ लिटर. तुमच्या आलेखात ही दोन्ही गावं एकाच उभ्या रेषेवर येतील. हृदयाच्या दृष्टीने त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. २०१६ साठी संघटनेचा भारताचा अंदाजही ५.७ लिटरच्याच आसपास होता, आणि आपला देश पहिल्या गावासारखा आहे, दुसऱ्यासारखा नाही.

याचा प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर २०१० चा बेलफास्ट आणि फ्रान्सचा अभ्यास काढा (रुईदावेट्स आणि सहकारी, बीएमजे म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नल). उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट एका बाजूला, लील, स्ट्रासबुर्ग आणि तुलूझ दुसऱ्या बाजूला, ५० ते ५९ वयाचे नऊ हजारांवर पुरुष, दहा वर्षं पाठपुरावा. पिणाऱ्यांची आठवड्याची सरासरी दोन्हीकडे जवळपास सारखी: बेलफास्टला २८० ग्रॅमच्या आसपास, फ्रान्सला २५० ग्रॅमच्या. फरक पिण्याच्या पद्धतीत. आठवड्यातून निदान एक दिवस ५० ग्रॅमच्या वर जाणारे बेलफास्टला नऊ टक्क्यांहून जास्त, फ्रान्सला अर्धा टक्का. असं एका बैठकीत ढोसणाऱ्यांना हृदयाच्या झटक्याचा धोका नियमित थोडी घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. दरडोई लिटर हा रकाना हे काहीच सांगत नाही.

दुसरं, काळ. हृदयविकार बनायला दशकं लागतात. १९९९ मध्ये लॉ आणि वॉल्ड यांनी बीएमजेमध्ये दाखवलं की फ्रान्समध्ये प्राणिज चरबीचं खाणं आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल ब्रिटनच्या मानाने बरंच उशिरा वाढलं. मृत्युदर आजच्या नव्हे, तीसेक वर्षांपूर्वीच्या आहाराचा आरसा आहे. शिवाय फ्रान्समध्ये मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकाराची नोंद कमी होते. ब्रिटनशी असलेल्या फरकातला सुमारे पाचवा हिस्सा त्यांनी यालाच जोडला.

एक ताळा मात्र जरूर करून पाहा, फार थोडे लोक करतात. फ्रान्सला फ्रान्सशीच ताडा. १९६० च्या सुमारास तिथे प्रौढामागे २५ लिटरच्या आसपास अल्कोहोल जात होतं, आज निम्म्याहून कमी जातं. वाइन हृदय वाचवत असती तर एवढ्या घसरणीनंतर हृदयमृत्यू वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत, घटले. यकृत सिऱ्होसिसचे (यकृत निबर होऊन निकामी होण्याचे) मृत्यू मात्र दारूबरोबरच खाली आले. म्हणून सिऱ्होसिस हा रकाना आलेखात जरूर घ्या (आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांक-यादीत के-७० आणि के-७४). दारूच्या आकड्याबरोबर सिऱ्होसिसची रेषा वर चढत नसेल तर तुमचा दारूचा आकडाच बिघडलेला आहे, हृदयापर्यंत जाऊच नका. फक्त भारत आणि पूर्व आशियासाठी हिपॅटायटिस बी मुळे होणाऱ्या सिऱ्होसिसचा भाग वेगळा काढावा लागेल.

आणखी एक: मृत्युदराचा रकाना कुठून आला ते तपासा. ज्या देशांत मृत्यूंची नोंदणी अपुरी आहे त्यांचे आकडे मॉडेलमधून काढलेले असतात आणि अशा मॉडेलमध्ये दरडोई दारू हाच एक घटक घातलेला असू शकतो. तसं असेल तर तुम्ही मॉडेलचं उत्तर मॉडेलच्याच प्रश्नाशी ताडून पाहाल. नोंदणी पक्की असलेलेच देश ठेवा, मग ते ३० उरले तरी चालतील.

निदानपत्र:

ताळेबंद यांनी कमी नोंदीला जोडलेला पाचवा हिस्सा फ्रान्सपुरता, पण दाखल्याची मेख सगळीकडे आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि बाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ भरतात. पहिल्या भागात (अ), (ब), (क) अशा ओळी. (अ) वर मृत्यूचं तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, सर्वांत खाली मूळ कारण. दुसऱ्या भागात हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी. आकडेवारीत मोजलं जातं ते फक्त मूळ कारण. प्रत्यक्षात (अ) वर "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहून खालच्या ओळी मोकळ्या सोडलेले दाखले कमी नसतात. हृदय आणि श्वास थांबणं म्हणजेच मृत्यू, ते कारण नव्हे. अशा दाखल्याला संकेतांक देणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही आणि ती नोंद हृदयाच्या मोघम खात्यात जाऊन पडते. मद्यपानाचा उल्लेख झालाच तर दुसऱ्या भागात होतो, म्हणजे मोजणीबाहेर. घरच्यांना पुढे विम्याची अडचण नको म्हणून तो टाळलाही जातो.

त्यामुळे "हृदयविकार" हा एकच गठ्ठा घेऊ नका. आय-२१ (हृदयस्नायूचा तीव्र झटका) वेगळा. आय-२४ (इतर तीव्र इस्केमिक हृदयविकार) आणि आय-२५ (जुनाट) वेगळे. आय-४२.६ म्हणजे मद्यजन्य कार्डिओमायोपॅथी, वर्षानुवर्षांच्या दारूने स्नायू सैल पडून हृदय फुगतं ती. ही तुमच्या इस्केमिक रकान्यात येतच नाही, कारण तो रकाना आय-२० ते आय-२५ इतकाच. आय-४८ एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय. आय-६० ते आय-६९ पक्षाघात, त्यातला रक्तस्रावाचा आय-६१ निराळा काढा. आणि एक्स-४५, दारूची अपघाती विषबाधा, तीही शेजारी ठेवा. दारूचं पाप या संकेतांकांमध्ये विभागलं जातं आणि एकट्या आय-२० ते २५ कडे बघणाऱ्याला ते दिसत नाही.

दारू हृदयाला कुठल्या वाटेने मारते हे लक्षात घेतलं की संकेतांक आपोआप कळतात. रक्तदाब वाढतो, त्यातून पक्षाघात आणि हृदयाचं निकामी होणं. २०१७ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात दिवसाला सहा पेयांहून जास्त घेणाऱ्यांनी प्रमाण निम्मं केलं तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी साडेपाच अंकांनी उतरला. एखाद्या गोळीइतका हा फरक आहे. जास्त पिण्याने ठोक्यांची लय बिघडते. सणासुदीच्या पिण्यानंतर होणाऱ्या अशा लयबिघाडाला १९७८ पासून "हॉलिडे हार्ट" म्हणतात.

उरलकाठ:

आलेखवही, तुमची रेषा रशिया आत घेतल्यावर का वळते हे समजून घ्यायचं असेल तर देशांची तुलना सोडा आणि रशियाचा एकट्याचा १९८० ते २०२० असा आलेख काढा. दारू आणि हृदय यांच्याबद्दल एखादा समाज सांगू शकेल तेवढं तिथे सांगून ठेवलेलं आहे.

मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली. सरकारी विक्री दोन-तीन वर्षांत निम्म्याहून जास्त पडली. खरा वापर तेवढा पडला नाही, कारण लोक घरोघरी साखरेपासून समोगोन गाळू लागले. इतके की दुकानांत साखर मिळेना. रशियन संशोधक अलेक्सांद्र नेमत्सोव यांच्या अंदाजाने प्रत्यक्ष वापर १४ लिटरवरून साडेदहाच्या आसपास आला, म्हणजे चौथा हिस्सा कमी. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९८४ मध्ये ६२ च्या आत होतं, ते १९८७ मध्ये ६५ ला टेकलं. मोहीम ढेपाळली, सोव्हिएत संघ मोडला, दारू स्वस्त आणि मुबलक झाली, आणि १९९४ मध्ये तेच आयुर्मान ५८ च्याही खाली गेलं.

हे आकडे खोटे असतील, नोंदणीच विस्कटली असेल, ही शंका लगेच आली होती. डेव्हिड लिऑन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याची तपासणी केली. विषबाधा, अपघात, न्यूमोनिया आणि रक्ताभिसरणाचे रोग एकत्र खाली गेले आणि एकत्र वर आले. कर्करोगाचे मृत्यू मात्र जवळपास होते तिथेच राहिले. नोंदणी बिघडली असती तर कर्करोगाचे आकडेही हलले असते. असा न हलणारा रकाना तुमच्या आलेखातही ठेवा, फार उपयोगी पडतो.

दुसरा पुरावा वारांचा. मॉस्कोतल्या १९९३ ते १९९५ च्या मृत्यूंमध्ये हृदय आणि रक्ताभिसरणाचे मृत्यू शनिवार, रविवार आणि सोमवारी वाढलेले दिसले. कोलेस्टेरॉल वार बघून चढत नाही. मृत्यूची तारीख मिळत असेल तर वारवार मोजणी करा, काम एका दुपारचं आहे आणि दरडोई लिटरपेक्षा जास्त सांगून जातं.

तिसरा, दाविद झारिद्झे यांचा बार्नाऊल, बिइस्क आणि तोम्स्क या तीन सायबेरियन शहरांतला अभ्यास (लॅन्सेट, २००९). जवळपास ४९ हजार मृत व्यक्तींच्या घरच्यांना त्यांच्या पिण्याबद्दल विचारलं. आठवड्याला व्होडकाच्या तीन किंवा जास्त बाटल्या (तिथली बाटली अर्ध्या लिटरची, म्हणजे प्रत्येकीत सुमारे १६० ग्रॅम अल्कोहोल) पिणाऱ्या पुरुषांमध्ये "झटका सोडून इतर तीव्र इस्केमिक हृदयविकार" या नोंदीचा धोका तिप्पट निघाला. खुद्द हृदयस्नायूच्या झटक्याचा धोका मात्र तसा वाढलेला नव्हता. म्हणजे निदानपत्र म्हणतात तेच: आय-२१ हललं नाही, आय-२४ उसळलं. बार्नाऊलच्याच न्यायवैद्यक शवविच्छेदनांत हृदयविकार म्हणून नोंदलेल्या बऱ्याच पुरुषांच्या रक्तात प्राणघातक पातळीचं अल्कोहोल सापडलं. काहींना लय बिघडून मृत्यू आला असेल, काही सरळ विषबाधेचे बळी असतील. दाखल्यावर सगळे हृदयविकाराचे.

वयोगटाचीही काळजी घ्या. सर्व वयांच्या प्रमाणित दरात ७५ च्या पुढचे मृत्यू इतके असतात की त्यात हे सगळं बुडून जातं. दारूचा ठसा ३५ ते ६४ या वयांत, तोही पुरुषांत आधी दिसतो.

आलेखवही:

वारवार मोजणी आणि कर्करोगाचा रकाना दोन्ही घालतो. एक शंका राहते. देशांची सरासरी फसवी, हे पटलं. पण व्यक्तींच्या पाठपुराव्याच्या अभ्यासांतही थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा कमी मरतात, तो इंग्रजी जे अक्षरासारखा वक्र येतो. तो तर सरासरीचा घोटाळा नाही ना?

जनुकवेध:

सरासरीचा नाही, "न पिणारे" या गटाचा आहे. १९८८ मध्ये शेपर, वॅनामेथी आणि वॉकर यांनी ब्रिटनच्या २४ शहरांतले ७,७३५ मध्यमवयीन पुरुष पाहिले. न पिणाऱ्यांच्या गटात आधी पिऊन मग आजारपणामुळे सोडलेले बरेच होते. आजारी माणूस दारू सोडतो आणि न पिणाऱ्यांच्या खात्यात जाऊन मरतो. आयुष्यात कधीच न प्यायलेले वेगळे काढले की वक्राचा डावीकडचा उंचवटा बराच बसतो. राहतो त्यात पैसा, शिक्षण, व्यायाम यांचा वाटा असतो. पाश्चात्त्य देशांत बेताने वाइन घेणारा वर्ग मुळातच सुखवस्तू आहे.

यातून सुटायची वाट जनुकांची. काही लोकांच्या शरीरात अल्कोहोलपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा लाल होतो, मळमळतं, म्हणून ते कमी पितात. असं घडवणारं जनुक जन्मतःच चिठ्ठी टाकल्यासारखं वाटलं जातं, पगार किंवा आजार बघून नाही. २०१९ मध्ये मिलवुड आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या कादूरी बायोबँकेतल्या (रक्तनमुने आणि आरोग्यनोंदींच्या साठ्यातल्या) पाच लाखांवर लोकांचा पाठपुरावा केला आणि त्यातल्या दीडेक लाखांच्या जनुकांची तपासणी केली. प्रत्यक्ष सांगितलेल्या पिण्यावरून नेहमीचा वक्र आला. जनुकावरून अंदाजलेल्या पिण्यावरून मात्र पक्षाघाताचा धोका पहिल्या घोटापासून सरळ चढत गेला: आठवड्याला २८० ग्रॅममागे रक्तस्रावाचा पक्षाघात ५८ टक्के, गुठळीचा २७ टक्के जास्त. हृदयाच्या झटक्याशी स्पष्ट नातं दिसलं नाही, ना संरक्षण ना इजा. त्या पाहणीतली खुबी स्त्रियांची आहे. तिथल्या स्त्रिया जवळपास पीत नाहीत, आणि तीच जनुकं असूनही त्यांच्यात धोका बदलला नाही. जनुक दुसऱ्याच एखाद्या वाटेने काम करत असतं तर स्त्रियांतही दिसलं असतं.

न्यायाने हेही सांगायला हवं की २०१८ मध्ये वुड आणि सहकाऱ्यांनी ८३ अभ्यासांतले सुमारे सहा लाख पिणारे एकत्र केले तेव्हा, न पिणारे पूर्ण वगळूनही, जास्त पिण्याबरोबर झटक्याचा धोका थोडा कमी दिसला. पण पक्षाघात, हृदय निकामी होणं, रक्तदाबाचे मृत्यू आणि महाधमनीचा फुगवटा हे सगळे वाढत गेले, आणि एकूण मृत्यूंचा धोका आठवड्याला १०० ग्रॅमच्या पुढे चढू लागला. १०० ग्रॅम म्हणजे ६० मिलीचे पाच पेग, आठवडाभरात. आपल्याकडे बरेच जण तेवढं शनिवारीच संपवतात.

दक्षिण आशियाई लोकांबद्दल स्वतंत्र माहिती आहे. हृदयाच्या झटक्यांवरच्या, ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात इतरत्र दिसलेलं दारूचं तथाकथित संरक्षण दक्षिण आशियाईंत दिसलंच नाही. फ्रान्सची रेषा आपल्यावर लावायला तेवढ्यानेही आडकाठी यावी.

ताळेबंद:

उरलेले दोन प्रश्न.

बेनोंद दारू: विक्रीच्या आकड्यात हातभट्टी, चोरटी आयात नसते. भारतासाठी संघटनेच्या २०१६ च्या अंदाजात जवळपास निम्मी दारू बेनोंद होती. म्हणून नोंदलेला आणि एकूण असे दोन्ही रकाने घेऊन आलेख दोनदा काढा. दोन्हींत उतार वेगळा आला तर तेच तुमचं निरीक्षण. उलट बाजूही आहे: लक्झेंबर्गची दरडोई विक्री फुगते, कारण शेजारच्या देशांतले लोक तिथून स्वस्तात नेतात. गोव्यात पर्यटकांचं पिणं गोवेकरांच्या माथी लागतं. पाहणीतले आकडे विक्रीशी ताडून बघा. बहुतेक देशांत लोकांनी सांगितलेली दारू विक्रीच्या निम्म्याच्या आसपासच भरते.

महाराष्ट्रात जिल्हावार: वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. तिथली नोंदलेली विक्री शून्य, खरी शून्य नाही; त्यामुळे आडवा अक्षच कोसळतो. गावाकडच्या मृत्यूंना वैद्यकीय कारणाचा दाखला बहुधा नसतो, देशभरातही २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांना होता, म्हणजे उभा अक्षही गेला. चंद्रपूर वरवर मोहात पाडतं: २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली, आधी-नंतर पाहता येईल असं वाटतं. पण उठली ती ऐन कोविडात. २०२० आणि २०२१ चे हृदयमृत्यू कशालाच ताडता येत नाहीत. २०१० ते २०१९ एवढाच पट्टा घ्या आणि फक्त बंदी येण्याचा परिणाम शोधा, शेजारचं यवतमाळ तुलनेला ठेवून.

त्याहून बरं गोवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ मध्ये १५ वर्षांवरील पुरुषांत दारू पिणारे गोव्यात सुमारे ३७ टक्के, महाराष्ट्रात सुमारे १४. आणि वैद्यकीय कारण प्रमाणित होण्याचं प्रमाण देशात गोव्यात सर्वांत वर, जवळपास सगळ्याच मृत्यूंचं. नोंद मागताना "हृदयविकार" असं मोघम मागू नका. आयसीडीचा संकेतांक दशांशासकट (नाहीतर आय-४२.६ हाती लागणार नाही), वय पाच-पाच वर्षांच्या गटांत, लिंग, मृत्यूची तारीख आणि नमुना ४ चा दुसरा भाग असे पाच रकाने मागा, नाव-पत्ता वगळून. दुसरा भाग संगणकात भरलेला नसेल तर मूळ कागद बघायची परवानगी अर्जातच मागून ठेवा, नंतर वेगळा अर्ज करण्यात महिने जातात.